बॅक्स्टरला जायचंय? मग सातच्या आत गेट गाठा

दर वर्षी मार्चच्या सुमारास फोन येतो. "वहिनी, जुलैत येतोय. त्या तुमच्या कटाडिनवर या वेळी जायचंच!" मी आधी एकच विचारते, "भाऊजी, पहाटे चारला उठाल का?" त्यावर पलीकडे जरा शांतता पसरते.

बॉस्टनजवळच्या आमच्या घरून अमेरिकेतल्याच मेन राज्यातल्या बॅक्स्टर स्टेट पार्कला आम्ही आजवर सहा वेळा गेलोय आणि त्यात तीनदा तिथल्या कटाडिन डोंगराचा माथा गाठलाय. उरलेल्या तीनपैकी दोनदा ढगांनी परत पाठवलं, आणि एकदा आम्ही गेटपाशीच हरलो. त्या हरण्यातून शिकले तेच सांगते.

हा पार्क असा का, ते कळलं की तिथले नियम जाचक वाटत नाहीत. पर्सिव्हल बॅक्स्टर हे १९२०च्या दशकात मेनचे गव्हर्नर होते. कटाडिन राज्याने विकत घ्यावा म्हणून त्यांनी खटपट केली, पण विधिमंडळ काही बधेना. मग पद सुटल्यावर त्यांनी स्वतःच्या पैशांनी जमीन घेऊन १९३१मध्ये राज्याला दिली, आणि पुढे १९६२पर्यंत तुकडा-तुकडा घेत देत राहिले. सगळं मिळून दोन लाख एकरांच्या वर. अट एवढीच की रान रानच राहिलं पाहिजे. म्हणून आत वीज नाही, नळ नाही, डांबरी रस्ता नाही, खायला टपरीसुद्धा नाही. कुत्रं आणायला बंदी, मोटरसायकलला बंदी, गाणी लावायला बंदी. मोबाइलला रेंज मिळेल या भरवशावर राहू नका.

आता आखणी. ती घरापासून सुरू करू नका, गेटपासून उलटी करत या. कटाडिनवर जाणाऱ्या वाटा रोअरिंग ब्रुक, अबोल आणि कटाडिन स्ट्रीम या तीन तळांवरून निघतात. तिन्हीकडे गाडी लावायला मोजकी जागा, आणि ती आधी राखून ठेवावी लागते. मेनबाहेरच्या लोकांना हे बुकिंग दोन आठवडे आधी खुलं होतं. ती तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहा. शनिवार-रविवारच्या जागा बघता बघता जातात, म्हणून जमलं तर मंगळवार-बुधवार धरा. तंबू किंवा तीन भिंतींची लाकडी झोपडी हवी असेल तर चार महिने आधीच हात मारावा लागतो. सहाच्या आतली मुलं बरोबर असतील तर त्यांना झाडांच्या रेषेच्या वर, म्हणजे उंचीमुळे झाडं संपतात त्याच्या पुढे, न्यायला परवानगी नाही. कुणीतरी एक मोठं माणूस खाली थांबणार, हे घरीच ठरवा. वर गेल्यावर भांडायला नको.

बुकिंग असलं तरी पार्कच्या टोग पाँड गेटवर सकाळी ७ वाजून ५ मिनिटांच्या आत पोचायचं. नंतर तुमची जागा रांगेतल्या दुसऱ्या कुणाला तरी मिळते. आम्ही हरलो ते इथेच. मिलिनॉकेट गावातल्या मोटेलमध्ये भाऊजींना "चहा घेतल्याशिवाय" निघवेना. खोलीतल्या यंत्रात पाणी कोमट, आल्याचा तुकडा बॅगेच्या तळाशी, मग तो ठेचायला वाटी शोधा. गेटवर आलो तेव्हा सात वाजून बावीस मिनिटं झाली होती. तिथल्या बाई फार सौम्यपणे "नाही" म्हणाल्या. चहा आदल्या रात्री थर्मासमध्ये भरून ठेवावा, हा धडा आमच्या घरात आता कायमचा.

अर्थात दिवस फुकट गेला नाही. पार्कातल्याच किडनी पाँड आणि डेसी पाँड या तळ्यांकडे जायला हे बुकिंग लागत नाही. डेसी पाँडवर भाड्याने कनू, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, मिळाली आणि पाण्यातून अख्खा कटाडिन बघत बसलो. गुडघे कुरकुरणारे आई-बाबा बरोबर असतील तर मी सरळ इथेच यायला सांगेन.

बॉस्टनहून मिलिनॉकेट साधारण साडेचार-पाच तास. आदल्या दुपारीच पोचा, पेट्रोल भरा, पाणी भरा. गावापासून गेट अर्ध्या-पाऊण तासावर, आणि गेटपासून रोअरिंग ब्रुकपर्यंत आठ मैलांचा कच्चा रस्ता, तोही ताशी वीस मैलांच्या वर नेता येत नाही.

महिना कुठला? मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत काळ्या माशा असतात. दिसायला चिलटाएवढ्या, पण कानामागे चावल्या की आठवडाभर खाजवत बसाल. जुलैत डास. मला विचाराल तर लेबर डेनंतरचा (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीनंतरचा) सप्टेंबर: माशा नाहीत, गर्दी कमी, आणि महिनाअखेरीस खालच्या रानाला रंग चढतो. फक्त दिवस लहान होत जातो, हे विसरू नका.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी रोअरिंग ब्रुकची वाट सुचवते. ३.३ मैलांवर चिमनी पाँड, आणि तिथून सॅडल ट्रेलने २.२ मैलांवर माथा, ५,२६७ फूट. येऊन-जाऊन अकरा मैल. आकडा ऐकून सिंहगड दर रविवारी चढणारे हसतात. हसू नका. दहा तास धरा, कारण वाट म्हणजे पायऱ्या नव्हेत, धोंडे आहेत. चिमनी पाँडला झाडी संपून एकदम समोर कातळाची भिंत येते, दोन हजार फुटांच्या आसपास, आणि तिच्या पायथ्याशी काळंशार तळं. पहिल्यांदा गेलो तेव्हा आमच्यातलं कुणीही पाच मिनिटं बोललं नव्हतं, आणि आम्ही देशस्थ!

माथ्यावरून पमोला शिखराकडे जाते ती नाइफ एज नावाची डोंगराची अरुंद धार, १.१ मैल. काही ठिकाणी जेमतेम तीन फूट रुंद, दोन्हीकडे दरी, आणि मध्येच उतरायला वाट नाही. वारा असेल, खडक ओला असेल किंवा मनात जराही शंका असेल तर आल्या वाटेने परत फिरा. पमोला म्हणजे इथल्या मूळ रहिवासी पेनॉब्स्कॉट लोकांच्या कथांमधला वादळाचा देव. डोकं मूसचं (म्हणजे इथल्या भल्यामोठ्या हरणाचं), अंग माणसाचं, पंख गरुडाचे, आणि डोंगरावर आलेली माणसं त्याला खपत नाहीत. आपल्याकडे खिंडीतल्या म्हसोबाला नारळ ठेवून पुढे जाणाऱ्यांना हे वेगळं समजावायला नको.

परत फिरायची वेळ खालीच ठरवा. आमची दुपारी एकची आहे. माथा दहा मिनिटांवर दिसत असला तरी एक म्हणजे एक. ढगात मुलांना पुढे पळू देऊ नका. १९३९च्या जुलैत बारा वर्षांचा एक मुलगा असाच ढगात बरोबरच्यांपासून सुटला आणि नऊ दिवस रानात एकटा भटकत राहिला. जिवंत सापडला, हे त्याचं नशीब.

पिशवीत काय? सुती कपडे नकोत, भिजले की वाळत नाहीत आणि वरच्या वाऱ्यात ऑगस्टमध्येही दात वाजतात. लोकरी टोपी, पावसाळी जाकीट, माणशी एक हेडलॅम्प. मोबाइलची बॅटरी हेडलॅम्प म्हणून धरू नका. पाणी माणशी तीन लिटर, शिवाय गाळणी, कारण ओढ्याचं पाणी तसंच पिता येत नाही. खायला भाजणीची थालीपिठं, लिंबाचं लोणचं, चिक्की. दही-भात नेऊ नका, आम्ही नेला होता, पुढचं विचारू नका. मुक्काम असेल तर कुकर घरीच ठेवा. पहाटे पाचला शेजारच्या झोपडीतले लोक शिट्टीने दचकून उठलेले मी पाहिलेत. रात्री खाणं गाडीत बंद ठेवा, अस्वलं आहेत. बाहेरच्या राज्यातलं सरपण आणायला बंदी आहे, त्यातून झाडांना लागणारी कीड येते. कचरा सगळा परत आपल्या गाडीतून.

मूस बघायचं असेल तर रोअरिंग ब्रुकहून सँडी स्ट्रीम पाँडला जा, पाऊण तासात येऊन-जाऊन होतं. पहाटे किंवा तिन्हीसांजेला. आम्ही गेलो तेव्हा मादी पोटापर्यंत पाण्यात उभी होती. डोकं बुडवायची, वर काढायची, तोंडातून वेली लोंबत आणि कानांतून पाणी निथळत. आपली म्हैस आठवली.

तोच प्राणी रात्री रस्त्यावर आला तर मात्र कठीण. अंग काळपट, आणि डोळे इतक्या उंचीवर की हेडलाइटचा उजेड त्यांच्यावर पडतच नाही. म्हणून उतरल्यावर रेंजरच्या वहीत आपण परत आल्याची नोंद करा, आणि गप्पा मारत न बसता उजेडात मिलिनॉकेट गाठा. बॉस्टन दुसऱ्या दिवशी.