रिलीज बेअरिंग बदलायचंय? गिअरबॉक्स एकदाच उतरवा

क्लचचं पेडल दाबलं की घरघर सुरू होते आणि पाय उचलला की थांबते, तर रिलीज बेअरिंगवर, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगवर, संशय घ्या. न्यूट्रलमध्ये पाय वर असताना आवाज येत असेल आणि पेडल दाबताच बंद होत असेल, तर दोष बहुधा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (इंजिनाची ताकद आत आणणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगमध्ये असतो. हे आधी नीट ऐकून ठरवा, कारण पुढचं बहुतेक काम गिअरबॉक्स उतरवण्याचंच आहे.

बेअरिंग मुठीत मावतं, पण त्याच्यापर्यंत पोचायला दिवस जातो. मी एकदा घासलेल्या गाइड स्लीव्हवर, म्हणजे बेअरिंग ज्यावर सरकतं त्या नळीवर, नवं बेअरिंग चढवलं. काही महिन्यांत तोच आवाज परत आला आणि सगळं पुन्हा उघडावं लागलं. तेव्हापासून फोर्क (बेअरिंग ढकलणारा दांडा), पिव्होट (फोर्कचा टेकू), स्लीव्ह आणि क्लिपा तपासल्याशिवाय मी जोडणी करत नाही.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. गाडी सपाट जागी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. इंजिनाला खालून आधार द्या, गिअरबॉक्सचं ऑइल काढा, मग ड्राइव्ह शाफ्ट, स्टार्टर आणि क्लचची केबल किंवा (हायड्रॉलिक क्लच असेल तर) फ्लुइडच्या दाबाने क्लच चालवणारा स्लेव्ह सिलिंडर सोडवा. बोल्ट कमी-जास्त लांबीचे असतात, म्हणून कुठला कुठून निघाला ते पुठ्ठ्यावर टोचून ठेवा. गिअरबॉक्स जॅकवर तोलून सरळ मागे ओढा. तो इनपुट शाफ्टवर लोंबकळला तर क्लच प्लेट वाकते.

आतली काळी धूळ हवेने उडवू नका. जुन्या प्लेटांमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. आता जुनं बेअरिंग बोटांनी फिरवून पाहा: खरखरतं, अडखळतं. फोर्कच्या टोकांवर चकचकीत खड्डे दिसले तर फोर्कही बदला. क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगच्या पाकळ्यांवर खोल चर पडली असेल, तर प्रेशर प्लेट आणि क्लच प्लेट दोन्ही आत्ताच बदला. स्लेव्ह सिलिंडर शाफ्टभोवतीच बसवलेला असेल, तर बेअरिंगसोबत तोही नवाच घ्या.

नवं बेअरिंग पेट्रोलने धुऊ नका, आतलं ग्रीस निघून जातं. फोर्कच्या टोकांना, पिव्होटला आणि स्प्लाइनला (इनपुट शाफ्टवरच्या खाचांना) उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा पातळ हात पुरे. जादा ग्रीस उडून प्लेटवर गेलं की क्लच घसरणारच. स्लीव्ह किंवा बेअरिंगची बाही प्लास्टिकची असेल, तर बनवणाऱ्याच्या सूचना पाहूनच ग्रीस लावा.

बसवताना गिअरबॉक्स हाताने सरळ आत गेला पाहिजे. बोल्ट आवळून तो ओढून घेऊ नका. अडला तर प्लेट मध्यावर आहे का पाहा. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा. गिअरबॉक्समध्ये नवं ऑइल भरायला विसरू नका.

हायड्रॉलिक क्लच असेल तर जोडणी पूर्ण होईपर्यंत पेडलला हात लावू नका, पिस्टन बाहेर येतो. नंतर सीलबंद डब्यातलं, क्लच फ्लुइडच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलं फ्लुइड वापरून क्लचच्या नळीतली हवा काढा. केबल असेल तर पेडलची मोकळी चाल मॅन्युअलप्रमाणे लावा. गाडी खाली घ्या, इंजिन चालू करा, पेडल पूर्ण दाबून काही सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. कर्र न होता गिअर पडला, की रस्त्यावर काढा.