४० पैकी ३४: गणपतीच्या रात्री बेलचा डाव कसा मांडायचा

गौरी-गणपतीत आमच्या कुडाळजवळच्या घरात चोवीस माणसं असतात. भजन मंडळ उसळ-पाव खाऊन पुढच्या घरी गेलं की जागरणाला पत्ते निघतात, आणि नेमकं तेव्हाच मुंबईकरांपैकी कोणीतरी विचारतं, "काकी, क्वांटम एन्टँगलमेंट म्हणजे टेलिपथीच ना?" मी ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवते, हा माझा गुन्हा. २०२२ चं नोबेल आस्पे, क्लाउझर आणि त्साइलिंगर यांना अशाच गुंतलेल्या, म्हणजे लांब गेले तरी ज्यांची उत्तरं एकमेकांशी जुळतात अशा, प्रकाशकणांवरच्या प्रयोगांसाठी मिळालं, त्याच्या पुढच्या गणपतीत मी खडू-फळा घेऊन समजवायला बसले. दहा मिनिटांत निम्मी पडवी घोरत होती. तेव्हापासून समजावणं बंद. आता जॉन बेल या भौतिकशास्त्रज्ञाच्या नावाचा डाव मांडते.

लागतं ते असं: पत्त्यांचा एक कॅट, दोन नाणी, दोन वाट्या, मूठभर सुपाऱ्या, मूठभर खडे आणि वही. सुपाऱ्या पूजेच्या तबकातल्या उचलू नका. माणसं पाच: दोन गडी, एक पंच, दोन निरोपे. निरोप्यांचं काम आठ-दहा वर्षांच्या पोरांना द्या, ती पळतात तरी. एक गडी मागच्या पडवीत, दुसरा खळं ओलांडून गोठ्याशी, पंच मधे ओटीवर.

पंचाने प्रत्येक गड्यासाठी वेगळं नाणं उडवायचं. छापा आला तर त्या गड्याला काळं पान, काटा आला तर लाल. निरोप्या पान नेतो, गडी ते बघून वाटीत सुपारी किंवा खडा टाकतो, निरोप्या वाटी परत आणतो. नियम एकच आहे. दोघांनाही लाल पान गेलं असेल तर वाट्यांत वेगवेगळं यायला हवं, एकात सुपारी आणि एकात खडा. बाकी तिन्ही वेळा दोन्ही वाट्यांत सारखंच यायला हवं. जमलं तर गडी जिंकले, नाही तर पंच. असे ४० हात खेळायचे.

सुरू करण्याआधी दोघांना हवा तेवढा वेळ एकत्र बसून कट करू द्या. लोक नेमकं हेच वगळतात, आणि मग खेळात काही राम राहत नाही. कागदावर यादी करा म्हणावं, घड्याळं जुळवा, शपथा घ्या. फक्त एकदा जागेवर गेलात की बोलणं बंद.

पाच मिनिटांत कोणाच्या तरी डोक्यात येतं की पान बघायचंच कशाला, दोघांनी डोळे मिटून सुपारीच टाकत राहायचं. दोन्ही लाल सरासरी चारातून एकदाच येतात, तेवढे हात हरले तरी ३० पदरात. बरोबर आहे. आता त्यांना ३१ सरासरी काढायला सांगा आणि तुम्ही चहा टाकायला जा.

कोणी अडूनच बसला तर चार वाट्यांचा हिशोब दाखवा. ताटात चार वाट्या मांडा: पहिल्याची काळी, पहिल्याची लाल, दुसऱ्याची काळी, दुसऱ्याची लाल. प्रत्येकीत ठरलेलं उत्तर टाका. पहिल्याची काळी आणि दुसऱ्याची काळी सारखी हवी. पहिल्याची काळी आणि दुसऱ्याची लाल सारखी हवी. पहिल्याची लाल आणि दुसऱ्याची काळी सारखी हवी. एवढं पाळलंत की चारही वाट्या आपोआप सारख्या होतात आणि चौथी अट, दोन्ही लाल वेगवेगळ्या, मोडते. मांडणी बदलायच्या रीती सोळाच आहेत. माझ्या नववीतल्या पुतणीने सोळाही करून बघितल्या, एकीतही चारपैकी तीनच्या वर अटी जुळल्या नाहीत. दर हाताला कट बदलला तरी तो या सोळातलाच एक. म्हणजे शेकडा ७५, त्याच्या वर नाही.

हे असं गणितात पहिल्यांदा पकडलं जॉन बेल यांनी, १९६४ साली. ते बेलफास्टचे, नोकरी जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेत. (सासूबाईंना बरेच दिवस वाटत होतं की बेलपत्रीचा काही विधी आहे.) आपला डाव ज्या रूपावर बेतला आहे ते १९६९ चं, क्लाउझर, हॉर्न, शिमोनी आणि होल्ट या चौघांचं. १९३५ मध्ये आइन्स्टाइन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी जे धरलं होतं, की दूर गेलेले कण आपली उत्तरं खिशात घेऊनच निघत असणार, त्याचाच अर्थ आपल्या चार वाट्या.

आता लबाड्या. खरा रंग इथे भरतो, म्हणून घाई करू नका. हरायला लागले की आमच्याकडचे लोक लबाडी करतातच. ती करू द्या, मग पकडा, आणि वहीत वेगळ्या पानावर लिहा.

पहिल्या वर्षी धाकट्या भावोजींनी गोठ्यातून झांज वाजवली. लाल आलं की एक ठोका. ४० पैकी ३८. यावर उपाय अंतर. आवाज पोचायच्या आत वाटी निरोप्याच्या हातात पडली पाहिजे. प्रयोगशाळेत आवाजाच्या जागी प्रकाश असतो, आणि तो बेटा सेकंदाला तीन लाख किलोमीटर पळतो. म्हणून २०१५ साली नेदरलँड्समध्ये डेल्फ्टच्या लोकांनी आपले दोन गडी, म्हणजे हिऱ्यांतले इलेक्ट्रॉन, १.३ किलोमीटरवर बसवले. तेवढं अंतर कापायला प्रकाशाला सव्वाचार मायक्रोसेकंद लागतात, आणि त्याच्या आत दोन्हीकडची उत्तरं नोंदवून झाली.

दुसरी लबाडी बारा वर्षांच्या पुतण्याची, आणि ती जास्त हुशारीची. त्याला लाल पान गेलं की तो जागेवर नसायचाच. कधी लघवीला, कधी पाणी प्यायला. आम्ही ते हात बाद धरत होतो. उरलेल्या हातांत दोन्ही लाल कधी आलंच नाही, म्हणून ते पैकीच्या पैकी जिंकले. नंतर तो स्वतःच फुशारकीने म्हणाला, "लाल इलो काय गप रवाचा." तेव्हा नियम करा: वाटी रिकामी आली तर हात हरला. प्रकाशकणांच्या प्रयोगांत हीच मोठी डोकेदुखी होती. कण वाटेत हरवतात, यंत्राला दिसत नाहीत, आणि जे दिसले त्यांच्यावरच हिशोब केला तर पुतण्यासारखी फसगत होऊ शकते. आस्पे यांच्या १९८२ च्या गाजलेल्या प्रयोगालाही ही फट होती. २०१५ मध्येच व्हिएन्ना आणि अमेरिकेतल्या बोल्डरच्या गटांनी फारच थोडे कण निसटू देणारी यंत्रं लावून ती बुजवली.

तिसरी लबाडी गड्यांची नव्हे, पंचाचीच. रात्री दोनला थोरले भावोजी नाणं उडवायला कंटाळले आणि मनानेच पानं देऊ लागले. माणूस मनाने देतो तेव्हा लागोपाठ दोनदा दोन्ही लाल द्यायला कचरतो. गड्यांना अंदाज आला, आणि २० पैकी १९ हात त्यांनी जिंकले. पंचाच्या हातात नाणं असलंच पाहिजे. ही शंकाही जगात फार पुढे नेली गेली आहे: २०१७ साली व्हिएन्नात, कुठला प्रश्न विचारायचा ते सुमारे ६०० वर्षांपूर्वी ताऱ्यांवरून निघालेल्या प्रकाशाच्या रंगावरून ठरवलं. त्याआधी, २०१६ च्या ३० नोव्हेंबरला, जगभरातल्या सुमारे एक लाख लोकांनी एका खेळात शून्य-एक दाबत बसून निरनिराळ्या प्रयोगशाळांना प्रश्न पुरवले. भावोजींसारखी एक लाख माणसं एकत्र आली की कंटाळाही वाटून घेतला जातो बहुतेक.

आणि निव्वळ नशीब? ४० हातांत ३० च्या आजूबाजूला तीनेक इकडेतिकडे होणं साधी गोष्ट आहे. कोणी ३४ काढले तर आरडाओरडा नको, आणखी शंभर हात खेळायला लावा. उतरतात.

इतकं हरून झाल्यावरच सांगा की गुंतलेले प्रकाशकण कुठलीही लबाडी न करता सरासरी ३४ काढतात. शेकडा ८५.४.

कसे, ते खराट्याच्या हिरांनी दाखवता येतं. एका विशिष्ट स्फटिकावर ४०५ नॅनोमीटरचा जांभळा लेझर सोडला की क्वचित एका कणाचे ८१० नॅनोमीटरचे दोन कण होतात, आणि नीट जुळवलं तर ते गुंतलेले निघतात. प्रत्येकाला एका कोनात 'हो की नाही' विचारायचं, म्हणजे त्या कोनात धरलेल्या पोलराइज्ड काचेतून जातोस का ते. एकट्याचं उत्तर नाणं उडवल्यासारखं, पण दोघांची उत्तरं जुळण्याची शक्यता दोन कोनांतल्या फरकाच्या कोसाइनच्या वर्गाइतकी. कंपासपेटीतला कोनमापक घ्या आणि जमिनीवर चार हीर मांडा: पहिल्याचं काळं ० अंशावर, लाल ४५ वर, दुसऱ्याचं काळं २२.५ वर, लाल उणे २२.५ वर. तीन जोड्यांत २२.५ अंशांचा फरक, तिथे उत्तरं ८५.४ टक्के जुळतात. लाल-लालमध्ये ६७.५ चा, तिथे तेवढ्याच वेळा जुळत नाहीत. नेमकं आपल्याला हवं तेच. पोलराइज्ड गॉगलच्या दोन काचा एकमेकींवर फिरवून कोसाइनचा हा चढउतार डोळ्यांनी बघता येतो. पण गॉगल म्हणजे गुंतलेपण नव्हे, एवढं बजावून ठेवा, नाही तर सकाळपर्यंत गावभर होतं.

घरच्या घरी हे ३४ आणायचे तर एक सहावा माणूस लागतो. त्याला आम्ही देवचार (कोकणातला अदृश्य राखणदार) म्हणतो. तो पंचाशेजारी बसतो, दोन्ही पानं बघतो आणि दोन्ही वाट्या स्वतःच भरतो. पहिली वाटी नाणं उडवून. दुसरीसाठी डब्यात कोकमाच्या सात बिया ठेवा, एकीवर चुना लावा. बी काढायची, साधी निघाली तर जिंकणारं उत्तर, चुन्याची निघाली तर हरणारं. सातात सहा म्हणजे ८५.७ टक्के, खऱ्या आकड्याच्या अगदी शेजारी. प्रत्येक हाताला बी परत डब्यात. आता सगळ्यांना विचारा: नक्कल करायला दोन्ही पानं बघणारा देवचार लागला, मग प्रकाशकणांच्या डावात तो कोण? मी याचं उत्तर देत नाही. माझ्याकडे सर्वांना पटेल असं नाहीच.

"मगे ह्येच्यावरून मुंबैक निरोप धाडूक येतलो?" हा प्रश्न थोरल्या भावोजींचा, दर वर्षी, कारण आमच्याकडे मोबाइलला रेंज नसते. वहीतला दुसऱ्या गड्याचा रकाना हाताने झाका आणि फक्त पहिल्याचा वाचायला द्या. नुसती सुपारी-खड्यांची खिचडी दिसते, पलीकडे कुठलं पान गेलं याचा पत्ता लागत नाही. दोन्ही रकाने शेजारी ठेवले तरच काही कळतं, आणि वही न्यायला एसटीच लागते.

अणूंचं विचारतील तर थोडक्यात. प्रकाशकण पळतो पण हरवतो. अणू लेझरने थंड करून एका जागी धरता येतो आणि प्रश्न विचारला की जवळजवळ प्रत्येक वेळी उत्तर देतो, पुतण्यासारखा गायब होत नाही. म्युनिकमध्ये ३९८ मीटरवरच्या दोन रुबिडियम अणूंनी हा डाव खेळून दाखवला, ते २०१७ मध्ये छापून आलं. अतिथंड अणूंचा थवाही गुंतवता येतो. १९९५ साली बोल्डरला रुबिडियमचे अणू निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे तापमानाच्या तळाच्या, वर १७० अब्जांश केल्विनपर्यंत उतरवले तेव्हा ते एकाच अवस्थेत गोळा झाले, सत्येंद्रनाथ बोस यांच्या १९२४ च्या कामातून आइन्स्टाइननी सांगितलं होतं तसे. अशाच गोळ्यातल्या सुमारे ४८० अणूंत बेलच्या जातीचे संबंध २०१६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या गटाने दाखवले. तिथे अणूंना एकेकटं विचारत नाहीत, सगळ्यांचा मिळून कल मोजतात. भजनात कोण बेसूर ते कळत नाही, पण मंडळ एका सुरात आहे की नाही ते ओटीवरून कळतं, तसं.

पहाटे आवरताना सुपाऱ्या मोजून घ्या. गेल्या वर्षी अकरा जास्त भरल्या, आणि सासूबाईंचं तबक रिकामं होतं.