सोलापुरात राहून इंग्रजी बोलायला शिकायचं तर

२००० सालापासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आहे. म्हणजे दहावी पास मुलाच्या गाठीला दहा वर्षांचं इंग्रजी असतं, तरी पुण्याच्या मुलाखतीत 'टेल मी अबाउट युअरसेल्फ' म्हटलं की तोंडाला कुलूप लागतं. हाच मुलगा सोलापूरच्या पूर्व भागातला असेल तर घरी तेलुगू, शाळेत मराठी, दुकानात हिंदी आणि अक्कलकोटकडच्या गिऱ्हाइकाशी मोडकंतोडकं का होईना, कानडी बोलत असतो. यातल्या निम्म्या भाषा त्याने कुठल्याच वहीतून शिकलेल्या नसतात. लागतील ती वाक्यं आधी तोंडात बसली, चुका होत गेल्या, नियम कळले तर कळले. इंग्रजीच्या बाबतीत आपण हाच क्रम उलटा केला. तो सुलटा कसा करायचा, ते पुढे दिलंय.

आधी स्वतःची वाक्यं

दोन दिवस खिशात छोटी वही ठेवा आणि कामावर मराठीत खरोखर जी वाक्यं बोलता ती लिहून काढा. चाळीस पुरतात. टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघणाऱ्याची अशी असतील: माल सोमवारी निघेल, सूत संपलंय, रंग गेला तर बदलून देऊ. दवाखान्यातल्या सिस्टरची वेगळी: कुठे दुखतंय, उद्या उपाशीपोटी या. 'सिंह जंगलाचा राजा आहे' हे इंग्रजीत आलं म्हणून कुणाचं अडलेलं काम सुटत नाही.

मग त्यांचं इंग्रजी करा. तपासून द्यायला जाणकार असेल तर उत्तम. नसेल तर मोबाइलवरचं भाषांतर चालतं, पण मराठीत कर्ता-कर्म गाळायची आपली सवय तिथे नडते. नुसतं 'उद्या पाठवतो' टाकलं तर कोण, कुणाला, काय हे मशीन अंदाजाने भरतं. 'मी तुम्हाला उद्या नमुना पाठवतो' असं पुरतं वाक्य टाका, म्हणजे 'आय विल सेंड यू द सॅम्पल टुमॉरो' हाती येईल. आज्ञा सोडली तर इंग्रजी वाक्य कर्त्याशिवाय उभंच राहत नाही. पाऊस पडतोय म्हणायलासुद्धा तिथे 'इट' लागतो: 'इट्स रेनिंग'.

रोज पाच वाक्यं घ्या. प्रत्येक वाक्य मोठ्याने दहा वेळा म्हणा, मग त्यातला एकच तुकडा बदला: सॅम्पलच्या जागी इन्व्हॉइस, टुमॉरोच्या जागी ऑन मंडे, आय विलच्या जागी वुई कान्ट. एका वाक्यातून अशी आठ-दहा वाक्यं निघतात. मनातल्या मनात म्हणणं इथे मोजायचं नाही. जीभ हललीच पाहिजे.

विसरू नयेत म्हणून पुठ्ठ्याची कार्डं करा, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात सांगितलेली पेटीची पद्धत इथे कामाला येते. तीन कप्पे करा: पहिला रोज, दुसरा दर तिसऱ्या दिवशी, तिसरा आठवड्याने. बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की पुन्हा पहिल्यात. मराठी बाजू बघून इंग्रजी बोलायचं. उलट केलं तर नुसतं वाचून कळतं, बोलता येत नाही, आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडलेलं असतं.

'मला'ची ओढाताण

मराठीत भूक, ताप, आवड, गरज, भाऊबहीण, सगळं 'मला' लागतं, होतं किंवा असतं. इंग्रजीत अशा बहुतेक वाक्यांत 'आय' पुढे येतो आणि क्रियापदही वेगळं लागतं. 'मला दोन भाऊ आहेत' म्हणजे 'आय हॅव टू ब्रदर्स'. 'आय ॲम हॅविंग' नाही. 'मला भूक लागलीय' म्हणजे 'आय ॲम हंग्री'. ताप आला की 'आय हॅव अ फीव्हर', आणि त्यातला 'अ' खायचा नाही. 'मला कन्नड येतं' याचं 'आय कॅन स्पीक कन्नड'. 'मला आवडलं' याला नुसतं 'आय लाइक्ड' अर्धवट वाटतं, 'आय लाइक्ड इट' म्हणावं लागतं.

सगळ्यात फसवं वाक्य 'मला जायचंय'. मराठीत यात इच्छाही येते आणि भाग पडणंही येतं. ऐकणारा प्रसंगावरून ओळखतो. इंग्रजीत आधी ठरवावं लागतं: मनात आहे तर 'आय वॉन्ट टू गो', गेल्याशिवाय गत्यंतर नाही तर 'आय हॅव टू गो'. साहेबाच्या केबिनमध्ये हा फरक महागात पडू शकतो.

'मला'चं इंग्रजी 'मी' (me) कधी ठेवायचं? करणारा दुसरा कुणी असेल तेव्हा. 'त्याने मला सांगितलं', इथे सांगणारा तो, म्हणून 'ही टोल्ड मी'. ('ही सेड मी' होत नाही. 'सेड' वापरायचाच तर 'सेड टू मी'.) स्वतःची ओळख मात्र 'आय ॲम' म्हणून करून द्यायची. 'मायसेल्फ अमुकतमुक' आपल्याकडे इतकं रुळलंय की ते चूक वाटेनासं झालंय, पण ते चूकच आहे.

काळाच्या दोन खोडी

'काल मी पंढरपूरला गेलो होतो' हे मराठीत साधं वाक्य आहे, म्हणून 'आय हॅड गॉन टू पंढरपूर येस्टर्डे' तोंडातून निघतं. इथे नुसतं 'आय वेंट' पुरे. 'हॅड' तेव्हाच, जेव्हा भूतकाळातल्या दोन गोष्टींपैकी एक आधी घडली असेल: 'व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट'.

दुसरी खोडी 'पासून'ची. 'दोन वर्षांपासून इथे काम करतोय' याचं 'आय ॲम वर्किंग सिन्स टू इयर्स' करू नका. मुदत सांगायची तर 'फॉर', सुरुवात सांगायची तर 'सिन्स', आणि क्रियापद 'हॅव बीन'चं: 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स'.

प्रश्नात कर्ता आणि साहाय्यक क्रियापद जागा बदलतात ('व्हॉट आर यू डूइंग?') आणि 'डिड' आला की त्याच्यामागून येणारं क्रियापद मूळ रूपात जातं ('डिड यू गो?'). हे नियम म्हणून पाठ करण्यापेक्षा कार्डावर पाच-सहा प्रश्नच घाला.

उच्चार

परदेशी खरेदीदाराला आपलं बोलणं कळत नाही ते व्याकरणामुळे कमी, उच्चारामुळे जास्त. मराठीतला 'व' इंग्रजीतल्या दोन ध्वनींच्या मधोमध बसतो. पश्चिमेच्या 'वेस्ट'साठी ओठांचा 'उ'सारखा चंबू करून उघडा. दात कुठेही लागता कामा नयेत. बनियनच्या 'व्हेस्ट'साठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवून गुणगुणल्यासारखा आवाज काढा. आपण हा ध्वनी 'व्ह' असा लिहितो म्हणून त्यात 'ह' मिसळतो; तो काढून टाका.

शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क इंग्रजीत थोडी हवा सोडून येतात. तोंडासमोर तळहात धरून 'पेन' म्हणा; हवा लागली नाही तर ऐकणाऱ्याला तो 'बेन' वाटू शकतो. भूतकाळाच्या शेवटाला सरसकट 'एड' लावू नका: वर्क्ट, कॉल्ड, आणि मूळ शब्द ट किंवा ड ध्वनीवर संपत असेल तरच वॉन्टिड, नीडिड. घरची भाषा तेलुगू किंवा कन्नड असेल तर आणखी दोन ठिकाणी कान ठेवा: शब्दाअखेर चिकटणारा 'उ' (बुकु) आणि 'ए'च्या आधी येणारा 'य' (येग्झाम).

सरावाची पद्धत अशी: तीस सेकंदांचा इंग्रजी आवाज निवडा, वेग ०.७५ करा, बोलणाऱ्याच्या अर्ध्या सेकंदामागून त्याच्याबरोबरच म्हणत जा, मग स्वतःचं रेकॉर्डिंग करून दोन्ही शेजारीशेजारी ऐका. पुण्याला जाणाऱ्या हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये चारेक तास मिळतात. ऐकण्याचा भाग तिथे उरकता येतो. रेल्वे स्टेशनवरच्या घोषणाही वाया घालवू नका. तोच मजकूर मराठी, हिंदी, इंग्रजीत येतो, म्हणून कळला की नाही ते जागच्या जागी तपासता येतं. त्या आवाजासारखं बोलायला मात्र जाऊ नका, तसं कुणीच बोलत नाही.

फोनवरचे आकडे

फिफ्टीन आणि फिफ्टी यांतला फरक शेवटच्या 'न'वर सोडला तर पंधरा डझनांची ऑर्डर पन्नासची होते. पंधराचा जोर 'टीन'वर, पन्नासचा 'फिफ्'वर. तेरा ते एकोणीस सगळ्यांना हाच हिशेब. तरीही आकडा सुटा करून सांगाच: 'फिफ्टीन, वन फाइव्ह'. लाख आणि कोटी परदेशी माणसाला कळतीलच असं नाही. लाखाला 'हंड्रेड थाउजंड', दहा लाखांना 'मिलियन' म्हणा. टॉवेलचं जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) सांगताना ४५० ला 'फोर फिफ्टी' म्हटलं तरी चालतं. तारखेत महिना नावाने घ्या, कारण ५/६ हे आपल्याला पाच जून आणि अमेरिकनाला सहा मे असतं.

ऐकू आलं नाही तर 'व्हॉट?' उद्धट वाटतं. 'सॉरी, कुड यू से दॅट अगेन?' हे वाक्य कार्डाच्या पहिल्या कप्प्यात ठेवा. दुसऱ्यांदाही कळलं नाही तर 'येस, येस' म्हणून वेळ मारून नेऊ नका. 'कुड यू प्लीज टेक्स्ट मी द क्वांटिटी अँड द डेट?' म्हणा, आणि फोन ठेवल्यावर काय ठरलं ते दोन ओळींत आपणच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा.