सुक्या फुलांचा गुच्छ ऑनलाइन मागवताना

पहिला गुच्छ घरी आला तेव्हा खोका उघडून आई म्हणाली, "अगं, हा तर फडा आलाय!" फोटोत कमरेएवढं दिसणारं पंपास, म्हणजे पिसासारख्या तुऱ्यांचं गवत, जेमतेम हातभर होतं. माप पानाच्या तळाशी लिहिलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं.

म्हणून आधी टेप घेऊन घरातली फुलदाणी मोजा. गुच्छ तिच्या दीडपट ते दुप्पट उंच असला की शोभतो. मग पानावर देठांची लांबी सेंटिमीटरमध्ये आणि देठांची संख्या शोधा. नुसतं 'एक गुच्छ' लिहिलं असेल तर विक्रेत्याला विचारा. फोटोतली फुलदाणी बहुतेकदा सोबत येत नाही.

आता फुलं नेमकी कसली, ते पाहा. हवेत वाळवलेली फुलं कुरकुरीत आणि ठिसूळ असतात. स्टॅटिस आणि स्ट्रॉफ्लॉवर त्यातही रंग बऱ्यापैकी धरून ठेवतात. 'प्रिझर्व्हड' फुलांना बहुधा ग्लिसरीन पाजलेलं असतं. ती मऊ राहतात, पण महागही पडतात. पांढरंशुभ्र गवत सहसा ब्लीच केलेलं असतं. 'सुके गुलाब' म्हणून विकली जाणारी कितीतरी फुलं तर शोला या पाणवनस्पतीच्या गाभ्यातून हाताने घडवलेली असतात. त्यात वाईट काही नाही. पण काय घेतोय ते माहीत असावं.

मुंबई-कोकणात राहत असाल तर माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न पावसाळ्याचा. हवा सतत दमट राहिली की सुक्या फुलांना बुरशी धरते आणि ग्लिसरीनवाली फुलं ओल शोषून चिकट होतात, कधी त्यांचा रंगही गळतो. जून ते सप्टेंबर मी मागवतच नाही. दिवाळीच्या आसपास मागवते. पुणे-नाशिककडे एवढं जपावं लागत नाही.

विक्रेत्याचे फोटो बाजूला ठेवून ग्राहकांनी टाकलेले फोटो बघा, तेही एक-दोन तारेवाल्या अभिप्रायांतले. मोडलेले देठ आणि चेपलेले खोके तिथेच दिसतात.

पैसे भरण्याआधी परतीच्या अटी वाचा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार परतावा, मूळ देश आणि तक्रार अधिकाऱ्याची माहिती देणं बंधनकारक आहे. त्या अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची. खोका उघडताना व्हिडिओ काढून ठेवा, तुटलेल्या मालावर वाद घालताना तोच उपयोगी पडतो.

गुच्छ आला की गॅलरीत नेऊन हलकेच झटका. थोडा भुसा पडणारच. घरात कुणाला दमा असेल तर पंपास नकोच. पाणी घालू नका, थेट उन्हात ठेवू नका. आणि देवघराजवळ तर मुळीच नको, समईच्या एका ठिणगीने सुकं गवत भडकतं.