रोडगे भाजताना जाळ विझेपर्यंत थांबा

रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर आणि राखेत भाजलेले कणकेचे गोळे. त्यांच्यासाठी गहू रवाळ दळून आणा, पोळीची बारीक कणीक चालत नाही. मीठ, ओवा आणि कडकडीत तेलाचं मोहन घालून घट्ट भिजवा. छोटी पुरी लाटून तेल लावा, तिचा गोळा करा, त्याभोवती दुसरी तेल लावलेली पुरी, मग तिसरी, असा पेरूएवढा रोडगा वळा. तेलात हात आखडलात तर पदर सुटत नाहीत.

खरी परीक्षा विस्तवाची. अकोल्याकडे शेतात पहिल्यांदा रोडगे केले तेव्हा जाळ दिसताच मी ते वर मांडले. बाहेरून कोळसा, आत कच्ची कणीक, आणि जेवायला वीस माणसं बसलेली. शेजारच्या आबांनी करपलेली साल खरवडली, सगळे रोडगे राखेत पुरले आणि म्हणाले, "जायावर (जाळावर) नाही बाप्पा, राखेत शिजते रोडगा."

तेव्हापासून मी पाळतो ते असं. गोवऱ्या खडखडीत वाळलेल्याच घ्या; ओलसर गोवरीचा धूर कणकेत बसतो. पेटवायला रॉकेल अजिबात नको, वास शेवटच्या घासापर्यंत जात नाही. जाळ आणि धूर दोन्ही संपू द्या. गोवरी वरून पांढरी दिसते, काठीने टोचली की आत लालभडक असते. तेव्हाच ती फोडून पसरा. वर रोडगे ठेवून उलटसुलट करत राहा, सगळीकडून डाग पडले की निखारे बाजूला ओढा, रोडगे गरम फुफाट्यात पुरा आणि वरून थोडे निखारे पसरा. आता किमान अर्धा तास उकरायचं नाही. राख ऊब धरून ठेवते पण जाळत नाही, म्हणून आच हळूहळू गाभ्यापर्यंत पोचते. दर पाच मिनिटांनी उकरून बघणाऱ्याला विस्तवापाशी बसवूच नका. आमच्याकडे हे काम वाड्यातल्या सर्वांत शांत माणसाकडे असतं. वांग्याची भाजी आणि वरण बाकीचे बघतात.

आधी कुकरमध्ये उकडून घ्या, असा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. तो ऐकू नका. उकडलेल्या गोळ्याला ना ती खरपूस साल येते, ना राखेतली चव.

टिचकी मारल्यावर पोकळ वाजला की रोडगा झाला. तरी एक फोडून बघाच. गाभा ओला असेल तर बाकीचे आणखी दहा मिनिटं राखेतच ठेवा. मग गोणपाटात घालून राख झटका, गरम असतानाच कुस्करा आणि तूप सढळ हाताने ओता.