हेड-नेक आणि ब्रेन इमेजिंगवर थीसिस करायचीय? मग मशीनच्या आधी हे बघा

थीसिसचा टॉपिक शोधताना रेडिओलॉजीचे बहुतेक रेसिडेंट (पोस्ट-ग्रॅज्युएशन करणारे डॉक्टर) आधी मशीनकडे बघतात, आपल्याकडे थ्री टेस्ला (जास्त ताकदीचं एमआरआय मशीन) आहे म्हणजे परफ्युजन करूया, स्पेक्ट्रोस्कोपी करूया, डिफ्युजन तर आहेच (हे सगळे एमआरआयचे खास प्रकार), आणि मग त्याच्यासाठी पेशंट शोधत बसतात. माझं म्हणणं याच्या उलट आहे. तुमचा स्कॅन बरोबर बोलला की चूक, हे तुम्हाला कोण सांगणार, हिस्टोपॅथ (काढलेल्या टिश्यूचा मायक्रोस्कोपखालचा पॅथॉलॉजी रिपोर्ट), सर्जरीतली फाइंडिंग की फॉलोअप, ते आधी ठरवा. ते ज्या आजारात तुमच्या हॉस्पिटलमध्ये सहज आणि पक्कं मिळतं तिथेच टॉपिक शोधा, मग तुम्ही नेरूळला असा, कामोठ्याला असा की कळव्याला.

आपल्या नवी मुंबई-ठाणे पट्ट्यात हे उत्तर बऱ्याचदा तोंडाच्या कॅन्सरमध्ये मिळतं. उरण, पेण, कर्जत, इकडे शहापूर-मुरबाडकडून येणारे पेशंट, तंबाखू-चुना, मिश्री, मावा, आणि गुटखा, ज्याच्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. खारघरला टाटा मेमोरियलचं कॅन्सर हॉस्पिटल आणि संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक आहे, पण सगळे काही तिथे जात नाहीत, खूप जण आपल्याच कॉलेजात ऑपरेट होतात आणि ऑपरेट झाले म्हणजे हिस्टोपॅथ मिळणार. शिवाय मानेच्या गाठींचं उत्तरही मिळतं, कारण २०१५ मध्ये टाटा मेमोरियलच्या डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या टीमने न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये दाखवलं की सुरुवातीच्या स्टेजच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये मानेत गाठ हाताला लागत नसली तरी पहिल्याच ऑपरेशनला नेक डिसेक्शन (मानेतल्या गाठी काढणं) केलं तर ३ वर्षांनी ८० टक्के पेशंट जिवंत असतात, आणि गाठ येईपर्यंत थांबलं तर ६७.५ टक्के. त्यामुळे ज्या माना स्कॅनवर आपल्याला नॉर्मल वाटतात त्यांचाही पॅथॉलॉजी रिपोर्ट हातात येतो, आणि रिसर्चसाठी हे सोनं आहे, कारण आपण सोडून दिलेल्या गाठी कुठल्या होत्या तेही कळतं.

ब्रेनमध्ये हे इतकं सोपं नाही. समजा रिंग एन्हान्सिंग लिजन (डाय दिल्यावर कडेने कड्यासारखा उजळणारा डाग) घेतलं, ट्युबरक्युलोमा (टीबीची गाठ) की सिस्टिसर्कोसिस (फीतकृमीच्या अळीची गाठ), प्रश्न भारतात अतिशय महत्त्वाचा, पण बायोप्सी क्वचितच होते, उपचार देऊन काही महिन्यांनी परत एमआरआय करून बघतात, आणि लांबून आलेला पेशंट फॉलोअपला येईलच असं नाही. हा टॉपिक घेऊ नका असं नाही म्हणत, पण फॉलोअपचा फोन कोण करणार आणि दुसऱ्या स्कॅनचे पैसे कोण देणार हे सिनॉप्सिस (थीसिसचा आराखडा) लिहायच्या आधी गाइडबरोबर बसून ठरवा.

आता एक टॉपिक धरून पुढे जाऊ, म्हणजे कळेल. जिभेच्या कॅन्सरची खोली, म्हणजे डेप्थ ऑफ इन्व्हेजन, एमआरआयवर किती दिसते आणि हिस्टोपॅथला किती निघते. एजेसीसीच्या (कॅन्सरची स्टेज ठरवायची अमेरिकन पद्धत) आठव्या आवृत्तीपासून टी स्टेज (मूळ गाठीची स्टेज) ठरवताना ही खोली धरतात, ५ मिमी आणि १० मिमी या दोन रेषा आहेत. तर मग तुमचा प्रोटोकॉल या रेषांना पुरेसा हवा ना, ५ मिमी जाडीच्या स्लाइसवर ५ मिमीचा निर्णय कसा घेणार? ३ मिमी किंवा त्याहून पातळ स्लाइस, छोटं फील्ड ऑफ व्ह्यू, अ‍ॅक्सिअलबरोबर कोरोनल पाहिजेच, आणि हे सगळं टेक्निशियनबरोबर बसून कन्सोलवर वेगळ्या नावाने सेव्ह करून ठेवा, नाहीतर तुम्ही रजेवर असलात की त्या दिवशीचा पेशंट रुटीन प्रोटोकॉलमध्ये जाणार आणि ती केस गेली.

आणि मोजायचं काय ते लिहून ठेवा. खोली आणि जाडी या वेगळ्या गोष्टी. जाडी म्हणजे ट्युमर वरपासून खालपर्यंत, खोली मात्र बाजूच्या नॉर्मल म्युकोसाची (तोंडाच्या आतल्या अस्तराची) रेष पुढे ओढून तिथून खाली. बाहेर वाढलेल्या गाठीत जाडी जास्त येते, खड्डा पडलेल्या अल्सरमध्ये कमी. हे आधी ठरवलं नाही तर अर्ध्या केसेसमध्ये एक आणि अर्ध्यात दुसरं मोजून बसाल. एमआरआयवरची खोली बऱ्याचदा हिस्टोपॅथपेक्षा जास्त येते, कारण आजूबाजूची सूज ट्युमरमध्ये धरली जाते आणि फॉर्मलिनमध्ये टिश्यू आकसतो. म्हणून बायोप्सी एमआरआयच्या आधी झाली की नंतर, आणि एमआरआय ते सर्जरी मध्ये किती दिवस गेले, हे दोन कॉलम शीटमध्ये पहिल्या दिवसापासून ठेवा, नंतर फाइली शोधून हे भरता येत नाही.

गालाचा कॅन्सर घेतलात तर सीटीवर पफ्ड चीक, म्हणजे गाल फुगवून स्कॅन, करा. साध्या स्कॅनमध्ये गाल आणि हिरडी एकमेकांना चिकटलेले असतात, गाठ गालाची की हिरडीची तेच कळत नाही, गाल फुगवला की मध्ये हवा येते आणि दोन्ही सुटे दिसतात. पण पेशंटला टेबलवर घेऊन मग सांगितलं तर जमत नाही, बाहेर बसलेले असतानाच करून घ्या, "काका, ओठ मिटा, फुग्यात हवा भरताना करता तसे गाल फुगवा, आणि आता श्वास नाकाने चालू ठेवा", दोन-तीन वेळा करून घेतलं की बहुतेकांना येतं. ज्यांना सबम्युकस फायब्रोसिस (तोंडाचं अस्तर कडक होण्याचा आजार) आहे, तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही, त्यांचे गाल कडक असतात आणि फुगत नाहीत, त्यांना दमवू नका, "जमलं नाही" असं लिहा, तोही डेटाच आहे.

मानेच्या गाठींवर काम असेल तर सर्जनला आधीच भेटा. स्कॅनवर तुम्ही लिहिणार लेव्हल दोनला गाठ (लेव्हल म्हणजे मानेचे नंबर दिलेले भाग), आणि पॅथॉलॉजीला सगळी मान एकाच डब्यात गेली तर तुमची गाठ कुठली हे कोण सांगणार? प्रत्येक लेव्हल वेगळ्या डब्यात, लेबल लावून, ही विनंती ओटीच्या सिस्टरपर्यंत पोचली पाहिजे. माझ्या मते अख्ख्या थीसिसमधला सगळ्यात मोलाचा अर्धा तास म्हणजे हाच. स्टॅटिस्टिक्सवाल्यांनाही सांगा की एकाच पेशंटच्या पाच गाठी म्हणजे पाच वेगळे पेशंट नव्हेत, हिशोब त्याप्रमाणे करावा लागतो.

वाचन दोघांनी करायचं, वेगवेगळं, हिस्टोपॅथ न बघता आणि एकमेकांशी न बोलता. मग नुसतं "९० टक्के जुळलं" लिहू नका, १०० पैकी ९० गाठी साध्याच (कॅन्सर नसलेल्या) असतील तर दोघांनी डोळे मिटून साध्या लिहिल्या तरी जुळणारच, म्हणून कॅप्पा (योगायोगाने जुळलेलं वजा करून किती जुळलं ते सांगणारा आकडा) काढा. मिलिमीटरमधल्या मापांसाठी ब्लँड-ऑल्टमन प्लॉट (दोन मापांतला फरक दाखवणारा आलेख), कोरिलेशन चांगलं आलं म्हणून खूश होऊ नका, एक जण दरवेळी ३ मिमी जास्त मोजत असला तरी कोरिलेशन उत्तमच येतं.

एथिक्स कमिटीचं ऐन वेळी करू नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या गाइडलाइन वाचा, जुन्या स्कॅनवरचं काम असेल तर कन्सेंटमधून सूट मागता येते पण ती कमिटीने द्यायची असते, आपली आपण घ्यायची नसते. इंटरव्हेन्शन असलेली ट्रायल असेल तर पहिला पेशंट घ्यायच्या आधी सीटीआरआयवर (भारतातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही) नोंदणी, पेशंट घेतल्यानंतर केलेली १ एप्रिल २०१८ पासून चालत नाही. कन्सेंट फॉर्मचं मराठी स्वतः मोठ्याने वाचून बघा, मावशींना कळलं पाहिजे की भाग घेतला नाही तरी उपचार तेच मिळणार आहेत, आणि अभ्यासासाठी जास्तीचा सिक्वेन्स किंवा डाय असेल तर ते स्पष्ट सांगा, खर्च त्यांच्यावर टाकू नका.

डेटा घरी लॅपटॉपवर नेताना फाइलचं नाव बदललं म्हणजे ओळख गेली असं होत नाही. डायकॉमच्या (स्कॅनच्या फाइलचा फॉरमॅट) हेडरमध्ये नाव, जन्मतारीख, हॉस्पिटल नंबर सगळं असतं, डोसच्या पानावर आणि सोनोग्राफीत तर नाव चित्रातच छापलेलं असतं. त्यातून डोक्याच्या स्कॅनवरून चेहरा उभा करता येतो, २०१९ मध्ये मेयो क्लिनिकच्या लोकांनी ८४ व्हॉलंटिअरचे एमआरआय आणि फोटो साध्या फेस रेकग्निशनला दिले तर ८३ टक्के लोक बरोबर ओळखले गेले. ब्रेनच्या कामात चेहऱ्याचा भाग पुसणारी सॉफ्टवेअर्स वापरा. हेड-नेकमध्ये मात्र ते करता येत नाही, गाल आणि जबडा हाच तर आपला विषय, तो पुसला तर राहिलं काय, म्हणून तिथे डेटा हॉस्पिटलच्या मशीनवरच ठेवायचा, बघणारे मोजके, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर काहीही नाही.

एआय करायचं असेल तर आधी द कॅन्सर इमेजिंग आर्काइव्ह किंवा ब्रॅट्सच्या (ब्रेन ट्युमरच्या एमआरआयची स्पर्धा) उघड्या डेटावर हात बसवा, स्कॅनवर ट्युमर आखायची थ्रीडी स्लायसर आणि आयटीके-स्नॅप ही सॉफ्टवेअर्स फुकट आहेत. ट्रेनिंग (ज्यावर एआय शिकतं) आणि टेस्ट (ज्यावर ते तपासतात) यांच्या डेटाची वाटणी पेशंटप्रमाणे करा, स्लाइसप्रमाणे केली तर एकाच माणसाच्या शेजारच्या स्लाइस दोन्हीकडे जातात आणि आकडे खोटे चढतात.

पहिल्या काही केसेस पायलट म्हणून घ्या, त्यात शीटचे कोणते कॉलम रिकामे राहतात ते बघा आणि मगच फॉर्म पक्का करा. रिपोर्टिंगसाठी स्टार्ड २०१५ ची (तपासणी किती अचूक ते बघणाऱ्या अभ्यासांसाठीची) चेकलिस्ट आत्ताच प्रिंट काढून ठेवा, त्यातला फ्लो डायग्रॅम, किती पेशंट आले, किती गळले आणि का गळले, हा रोजच्या रोज भरत जायचा असतो, आणि ज्यांचं ऑपरेशनच झालं नाही त्यांचीही नोंद त्यात पाहिजे.