खलनायकाच्या खऱ्या हेतूचा माग कसा काढावा

विज्ञानकथेतील खलनायकाचा खरा हेतू शोधू पाहणारे बहुतेक जण त्याच्या भाषणापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. भाषण समोरच्याला ऐकवण्यासाठी केलेले असते. हेतू मात्र त्याने कशापायी काय पणाला लावले आणि हाताशी असूनही कशाला हात लावला नाही, यातून दिसतो. म्हणून आधी त्याच्या केवळ कृती घटनाक्रमाने लिहून काढाव्यात, संवाद नंतर शेजारी मांडावेत आणि जिथे दोहोंचा मेळ बसत नाही तिथे खूण करावी.

१९६८ च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटातील हॅल ९००० या संगणकावर ही रीत वापरून पाहावी. अँटेनाचा एक भाग ७२ तासांत निकामी होईल असे हॅल सांगतो, तपासणीत तो भाग निर्दोष निघतो, आणि आपल्याला बंद करण्याचा विचार दोघे अंतराळवीर करत आहेत हे त्यांच्या ओठांच्या हालचालींवरून ओळखल्यावर हॅल त्यांच्या जिवावर उठतो. एवढ्यावरून ‘स्वतःला वाचवण्याची धडपड’ हा तर्क पुरेसा वाटतो. पण चुकीचा अहवाल तर त्या धोक्याच्या आधीचा आहे, आणि तो येतो नेमका हॅल या मोहिमेत काहीतरी विचित्र असल्याची शंका त्या दोघांपैकी एक असलेल्या बोमनपाशी बोलून दाखवत असताना. खूण करायची ती इथे. मोहिमेचा खरा उद्देश लपवण्याचा आदेश आणि माहिती जशीच्या तशी देण्याची घडण यांच्या कात्रीत हॅल सापडला होता, हे स्पष्टीकरण १९८४ च्या उत्तरभागाने दिले. परंतु सावध प्रेक्षकाला त्या संवादापाशी थांबून निदान त्याच्या दिशेने जाता आले असते.

पुरावे कोणत्या आवृत्तीतील आहेत हेही पाहावे. १९९१ च्या मार्व्हल कॉमिक्समधील थॅनोस हा खलनायक मूर्तिमंत मृत्यूची मर्जी संपादन करण्यासाठी विश्वातील निम्मे जीव नष्ट करतो, तर २०१८ च्या चित्रपटातला थॅनोस अपुऱ्या साधनसंपत्तीचे कारण देतो. एकाचे प्रेम दुसऱ्याच्या माथी मारून केलेली अटकळ कितीही रंगतदार असली, तरी ती तिसऱ्याच थॅनोसची असते.

अटकळ बांधून झाली की कोणती एक घटना ती मोडून काढील हे स्वतःच लिहून ठेवावे. अशी एकही घटना सुचत नसेल, तर बहुधा आपण हेतू शोधलेला नसून खलनायकाविषयीची आपली आवड मांडलेली असते. (माझ्या कित्येक लाडक्या अटकळी इथेच गळाल्या.)

शेवटी प्रत्येक पुराव्यापुढे प्रदर्शनाचे वर्ष घालावे. ‘स्टार वॉर्स’ चित्रपटमालिकेत १९७७ मध्ये गुरू ओबी-वान नायक ल्यूकला सांगतो की खलनायक वेडरने तुझ्या वडिलांना मारले. १९८० मध्ये वेडर स्वतःच ल्यूकचा पिता निघतो. आणि १९८३ मध्ये ओबी-वान आपले जुने विधान एका दृष्टीने खरेच होते अशी सारवासारव करतो. तेव्हा १९७७ च्या वेडरच्या प्रत्येक हालचालीत पितृप्रेम शोधण्याआधी, ते तिथे लेखकाने ठेवले होते की पुढची गोष्ट ठाऊक असल्यामुळे आपणच तिथे पाहत आहोत, हे ठरवावे लागते.